गलाता टॉवर : वर चढायचं, की खालूनच रामराम?

पनवेलकरीण
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इस्तंबूलला चाललोय, चार दिवस. मी, नवरा, मुलगा (वय ११, किल्ल्यांचं वेड) आणि सासूबाई (वय ६९, डावा गुडघा कुरकुरतो, पण त्या कबूल करत नाहीत). बाकी सगळं ठरलंय, फक्त गलाता टॉवरवरून घरात दोन तट पडलेत.

परदेशी माणसाला तिकीट ३० युरो. नवरा म्हणतो, "चौघांचे बारा हजार रुपये एका जिन्याला? वेड लागलंय का?" मुलाचं म्हणणं, ज्या बुरुजावरून माणूस उडाला तिथपर्यंत जाऊन वर गेलो नाही तर तो आमच्याशी बोलणार नाही. आणि सासूबाई म्हणतात, "मी खाली बसते हो, तुम्ही या जाऊन." याचा अर्थ काय होतो ते सुनांना सांगायला नको.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा : वर जाण्यासारखं आहे का? आणि गुडघा घेऊन जाता येतं का?

अर्धाकप
मी पयला! चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

तिरफळ
खालूनच बघा. मी २०१८ ला गेलो होतो, तेव्हा वरच्या मजल्यावर हाटेल होतं, कॉफी पीत बसता यायचं. वरची गॅलरी म्हणजे आमच्या मालवणच्या घराच्या पडवीपेक्षा अरुंद. एक माणूस फोटोला थांबला की मागे सगळी एसटीची रांग. दहा मिनिटांत खाली आलो आणि पुलाजवळ मासे-पाव खाल्ला. तोच लक्षात आहे.

नेकारकाठी
तिरफळ, तुमची माहिती जुनी झाली. २०२० मध्ये हाटेल वगैरे सगळं काढून आत संग्रहालय केलंय. मी गेल्या वर्षी स्टुटगार्टहून आईबाबांना घेऊन गेले होते.

पनवेलकरीण, गुडघ्याचं सांगते. वर जायला लिफ्ट आहे, पण ती अगदी टोकापर्यंत जात नाही. शेवटचे दोन मजले जिना. आणि उतरताना सगळं पायी, कारण येताना एकेक मजला बघत खाली यायचं अशी मांडणी आहे. गुडघ्याचा त्रास चढताना नाही, उतरताना होतो, हे घरोघरी माहीत असतं. पण मजल्यामजल्यावर थांबता येतं, घाई कोणी करत नाही. माझ्या बाबांनी (७४) केलं.

दुसरं म्हणजे टॉवरपर्यंत पोचणंच अवघड आहे. काराकोय बंदरावरून पायी निघालात तर चढ असा आहे की सासूबाई टॉवर दिसायच्या आधीच परत फिरतील. त्यापेक्षा काराकोयहून 'त्युनेल' धरा. डोंगराच्या पोटातून वर जाणारी दोन थांब्यांची छोटी रेल्वे, १८७५ ची. वर उतरलात की गालिप देदे नावाचा रस्ता टॉवरकडे उतारानं येतो. दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं आहेत. पाच-सात मिनिटं लागतात.

पनवेलकरीण
नेकारकाठी, तुम्हाला दंडवत! हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही.

मुक्ताफळे
तुर्कस्तानला जायचंच कशाला? पुण्याच्या व्यापाऱ्यांनी त्यांची सफरचंदं सोडली, आपण फिरणं सोडू शकत नाही? बाकी चालू द्या.

कोल्हापुरी_ठेचा
मुक्ताफळे, त्यांनी 'जाऊ का' विचारलेलं नाही, 'चढू का' विचारलंय.

मुक्ताफळे
मत मांडलं. पटलं तर घ्या.

मधलाबाक
संपादकांनी कात्री काढायच्या आत विषयावर या रे. कात्रीवरून आठवलं, 'कैची' हा तुर्कीच शब्द आहे. 'तोफ'सुद्धा.

गडवेडा
आता तोफेपर्यंत आलाच आहात तर मी लिहितोच. लांब होईल, घाईत असलेल्यांनी खाली सरकावं.

हा टॉवर तुर्कांनी बांधलेला नाही. १३४८ साली जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांनी बांधला. त्या वेळी समोरचं जुनं शहर म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, बायझंटाईन सम्राटाचं. मधे गोल्डन हॉर्नची खाडी, आणि खाडीच्या अलीकडे गलाता ही जिनोआवाल्यांची वसाहत. आपल्या भाषेत वखार. सम्राटानं व्यापाराला जागा दिली, तट बांधू नका म्हणून बजावलं. वखारवाले काय करतात ते सुरतेपासून मुंबईपर्यंत आपण पाहिलंय. आधी घरं, मग घरांभोवती भिंत, मग भिंत आणखी वर. आणि टेकडीच्या माथ्यावर, तटाच्या सगळ्यात उंच टोकाला, हा बुरूज. ते त्याला ख्रिस्ताचा बुरूज म्हणत.

भांडण जकातीचं होतं. त्या काळच्या ग्रीक इतिहासकारानं आकडा दिलाय : गलाताची वर्षाची जकात दोन लाख नाणी, आणि सम्राटाच्या स्वतःच्या शहराची तीस हजार! सम्राट सहावा जॉन यानं आपल्या बंदराची जकात उतरवली आणि जहाजं बांधायला घेतली, तर यांनी ती जाळून टाकली. त्या धुमश्चक्रीत हा बुरूज उभा राहिला. आदल्याच वर्षी, १३४७ ला, प्लेगनं शहर झोडपलं होतं. माणसं मरत होती आणि हे दगड रचत होते.

भिंत पावणेचार मीटर जाड आहे. बाहेरचा व्यास साडेसोळा मीटर, आतला जेमतेम नऊ. म्हणजे निम्म्याच्या आसपास नुसता दगड. मुलाला सांगा, आत शिरताना हे बघ. वरून दिसणारं दृश्य ड्रोनसुद्धा दाखवतो.

तिरफळ
पोराला सांगा, भिंत वावांनी मोज. दोन्ही हात पसरले की एक वाव. आम्ही जाळी अशीच मोजतो.

तळटीप
गडवेडा, उत्तम. फक्त एक भर घालते, कारण पुष्कळ ब्लॉगांवर घोळ आहे. खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी ताणत, ती याच टॉवरला बांधलेली असायची असं लोक ठोकून देतात. साखळीचा बुरूज वेगळा, खाली पाण्याजवळ होता. तो १२०३ मध्ये चौथ्या क्रुसेडवाल्यांनी (युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे) घेतला आणि साखळी तोडली, म्हणजे हा टॉवर बांधायच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. काराकोयला जमिनीखाली एक मशीद आहे, येराल्ती जामी. बुटके जाड खांब, अंधार, थंडगार. त्या जुन्या गढीचं तळघर हेच, असं मानतात. तिकीट नाही, गर्दी नाही. साखळीचे तुकडे पुरातत्त्व संग्रहालयात बघायला मिळतात. एकेक कडी पोराच्या हाताएवढी.

कोल्हापुरी_ठेचा
१४५३ चं राहिलं की! साखळी ओलांडता येईना म्हणून मेहमत सुलतानानं जहाजं डोंगरावरून ओढून नेली ना?

गडवेडा
हो, २२ एप्रिल १४५३. सत्तरेक जहाजं, तेल-चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून, गलाताच्या मागच्या टेकडीवरून खाडीत. आणि गलातावाले? अधिकृतपणे तटस्थ. दिवसा सुलतानाच्या छावणीला माल विकायचा, रात्री समोरच्या शहराला मदत करायची. शहर पडलं तसे किल्ल्या घेऊन हजर झाले. म्हणून हा बुरूज शाबूत राहिला. लढला असता तर आज तिकीट काढायला उरला नसता.

रात्रपाळी
कुंपणावर बसायचे फायदे.

खारेदाणे
मंडळी, इतका इतिहास झाला, एकानेही मूळ मुद्दा काढला नाही. तुर्की भाषेत टॉवरला 'कुले' म्हणतात. गलाता कुलेसी. टॅक्सीवाला आरशात बघून विचारत होता, "कुले? कुले?" आणि मागच्या सीटवर माझी मोठी आत्या पदराआड तोंड दाबून अशी हसत होती की त्याने गाडी बाजूला घेऊन पाणी दिलं.

अर्धाकप
चहा नाकातून आला. नवीन करावा लागणार.

बेंगळुरूचा_बाप्या
आणि 'गलाटा' म्हणजे इथं कन्नडमध्ये दंगा, गोंधळ. त्यामुळे गलाता कुले म्हणजे... जाऊ द्या, बायका-मुलं वाचतात.

तळटीप
🙂 नावाबद्दल दोन मतं आहेत. ग्रीकमध्ये 'गाला' म्हणजे दूध, तिथं गवळीवाडा होता म्हणून; नाहीतर इटालियन 'कालाता', धक्क्याकडे जाणारा उतार. तो रस्ता उतरताना माझं मत इटालियनच्या बाजूनं गेलं.

इंजिनेर
उडालेल्या माणसाबद्दल मुलाला खरं काय ते सांगा. हेझारफेन अहमद चेलेबी, साल अंदाजे १६३२, पंख बांधून टॉवरवरून उडी आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर उस्कुदारला उतरला. अंतर तीन किलोमीटरच्या वर, ३३०० मीटर धरा. टॉवर ६० च्या पुढे, टेकडी ३५, एकूण उंची १०० मीटर. म्हणजे एक मीटर खाली येताना तेहतीस मीटर पुढं जायला हवं. आजच्या चांगल्या हँग ग्लायडरला हे १५ च्या आसपास जमतं. लाकूड, पिसं आणि दोन हात यांना तेहतीस? गणित बसत नाही. विषय संपला.

कामशेतचा_कावळा
संपला नाही साहेब. मी कामशेतला सात वर्षं पॅराग्लायडिंग करतोय. आमच्या पंखाला ८-१० च मिळतात, तरी कधीकधी जिथून उडालो त्याच्या वर जातो. का? वारा टेकडीला आपटून वर चढतो म्हणून. त्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा होता असं लिहून ठेवलंय, तुर्कीत त्याला 'लोदोस' म्हणतात. टेकडीचा उतार वाऱ्याकडे असेल तर उचल मिळते.

इंजिनेर
टेकडीपाशी उचल मिळेल. पुढं पाणी आहे. पाण्यावर कुठली उचल? आणि वारा नैर्ऋत्येचा, जायचं पूर्वेला. वारा आडवा आला.

कामशेतचा_कावळा
पाण्याचं मान्य. आडव्या वाऱ्याचंही मान्य. पण उडालाच नाही असं मी म्हणणार नाही. उडाला असेल, पडला असेल कुठंतरी अलीकडे.

तळटीप
मुद्दा असा की हे सांगणारा एकच माणूस, एव्लिया चेलेबी. त्याचं प्रवासवर्णन वाचायला बहारदार आहे, पण गडी तिखटमीठ लावण्यात वस्ताद. तो म्हणतो, सुलतान चौथा मुराद राजवाड्याजवळच्या कोश्कातून, म्हणजे बागेतल्या महालातून, बघत होता. आधी मोहरांची थैली दिली, मग म्हणाला, हा माणूस भीतीदायक आहे, मनात येईल ते करू शकतो. आणि अल्जिरियाला धाडून दिलं. सुलतानाच्या दरबारातल्या कागदात याचा मागमूस नाही.

नाव मात्र बघा. हेझार म्हणजे हजार, फेन म्हणजे फन, कला. हजारफन. आपला 'हरफनमौला' त्याच घरातला.

मधलाबाक
बक्षीस देऊन बदली. सरकारी नोकरीत अठरा वर्षं काढली, हा भाग मला शंभर टक्के खरा वाटतो.

पनवेलकरीण
मुलाला सगळं वाचून दाखवलं. तो इंजिनेरकाकांवर नाराज आहे, कावळेकाकांना शुभेच्छा कळवल्यात.

दगडूशेठ_नव्हे
धाग्याचं शीर्षक मध्ययुगीन टॉवरवर आहे असं समजून आलो. खरंच किती मध्ययुगीन आहे हो तो? मी वाचलं ते असं : १७९४ ला आग, १८३१ ला पुन्हा आग, १८७५ ला वादळानं टोपी उडवली. आज सगळ्या फोटोंत दिसणारं टोकदार छप्पर १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत बसवलंय. आतले लाकडी मजलेही तेव्हाच काढून काँक्रीट घातलं. मग तीस युरो कशाचे?

गडवेडा
टोपी नवी आहे, बरोबर. मधली जवळजवळ नव्वद वर्षं तो बोडकाच होता, जुने फोटो बघा, ओळखू येत नाही. पण खालचे तीनेक मजले जिनोआवाल्यांचेच मानतात, वरचे ऑटोमन काळातले. आणि आगीचं म्हणाल तर गंमत अशी की शहरात कुठं आग लागली ते बघायला पहारेकरी बसायचे याच टॉवरवर. अगदी विसाव्या शतकापर्यंत. लाकडी घरांचं शहर, धूर दिसला की ओरडायचं. आणि तो स्वतः दोनदा पेटला.

आपल्याकडे तरी काय वेगळं? रायगडावर जे आहे ते शिवकाळातलं किती आणि नंतरच्या डागडुजीचं किती, हा हिशेब करत कोणी गड चढतो का?

दगडूशेठ_नव्हे
रायगडाला तीस युरो लागत नाहीत.

कोल्हापुरी_ठेचा
रोपवेला लागतात की पैसे.

दगडूशेठ_नव्हे
तीस युरो नाहीत.

नेकारकाठी
पैशाचं म्हणाल तर, पाच दिवसांचा संग्रहालयांचा पास मिळतो त्यात हा टॉवर धरलेला आहे. तोपकापी राजवाडा, पुरातत्त्व संग्रहालय वगैरे करणार असाल तर तिकिटांची बेरीज करून बघा आणि मग ठरवा. फक्त टॉवरसाठी पास घेणं म्हणजे लिंबासाठी मंडई विकत घेणं.

आणि सकाळी लवकर जा. जुनं शहर टॉवरच्या दक्षिणेला येतं. सकाळी ऊन डावीकडून पडतं, सुलेमानिये आणि आयासोफियाचे घुमट स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सूर्य तिकडेच उतरतो, नुसत्या काळ्या आकृत्या. फोटोला त्याही छान, पण तेव्हा अख्खं जग रांगेत असतं.

तिरफळ
माझा मासे-पाव कोणी विचारतच नाही. एमिनोन्युच्या बाजूला, गलाता पुलाजवळ. मासा बांगड्याच्या जातीचा, काटे काढलेला, तव्यावर भाजून अर्ध्या पावात कांदा-लिंबूसकट. चव बरी. पण विचारलं तर म्हणे मासा नॉर्वेहून येतो! समोर समुद्र, पुलावर शंभर गळ टाकून बसलेली माणसं, आणि बांगडा नॉर्वेचा. मी मालवणात हे कोणाला सांगितलं नाही.

खारेदाणे
तिखट?

तिरफळ
नावाला. पुडीत घरचा मसाला न्या.

मधलाबाक
मी मघाशी तोफ म्हणालो ते अर्धवट राहिलं. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली, आणि ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर शंभर वर्षांच्या आत तिकडचे कारागीर निजामशाहीत तोफा ओतत होते. पनवेलकरीण, मुलाला हे सांगा. तिकडून आलेला माणूस खरोखर दूर पोचला होता, पंखांशिवाय.

गडवेडा
मधलाबाक, टाळ्या. वेगळा धागा काढा.

अर्धाकप
बाक मधला आणि तोफ मुलुखमैदान.

रात्रपाळी
पनवेलकरीण गेल्या का इस्तंबूलला? नोव्हेंबर उलटला.

पनवेलकरीण
आलो! उशिराबद्दल माफी, आल्या आल्या घरात पाहुणे होते.

पास घेतला, कारण तोपकापी करायचंच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्युनेलनं वर गेलो, वाद्यांच्या रस्त्यानं उतरत आलो. सासूबाई एका दुकानासमोर पंधरा मिनिटं उभ्या, आतला मुलगा तंबोऱ्यासारखं लांब मानेचं काहीतरी जुळवत होता. टॉवर रस्त्याच्या शेवटी एकदम समोर येतो, घरांच्या मधे अडकल्यासारखा. चौकात मांजरंच मांजरं. सासूबाईंनी एक बाक पकडला, तिळाचं कडं (सिमित) हातात घेतलं आणि म्हणाल्या, "मी बसते हो इथं."

लिफ्टच्या दारात बघतो तर सगळ्यात पुढं त्याच. नवरा राहिला खाली. वर गॅलरी अरुंद आहे असं तिरफळ म्हणाले होते ना, ते वाचल्यापासून त्याच्या पोटात गोळा होता, हे तिथं कळलं. बारा हजारांचं भांडण कशाचं होतं तेही कळलं.

वारा भणभणत होता. सासूबाईंनी एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं पदर धरून पूर्ण फेरी मारली, कोणालाही पुढं जाऊ न देता. मुलगा उस्कुदारकडे बघत बराच वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "लांब आहे गं." इंजिनेरकाका, तेवढंच.

उतरताना गुडघ्यानं दुसऱ्याच मजल्यावर सांगितलं. तिथं भिंतीत खिडकी आहे, भिंत इतकी जाड की खिडकीपुढं एक छोटी खोलीच तयार झालीय. सासूबाई त्यात बसल्या. दगडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्या नागोठण्याच्या घरात बाळंतिणीची खोली एवढीच होती. उजेडही असाच, एकाच बाजूनं." पंचवीस वर्षांत ते घर त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. आम्ही तिथं पाऊण तास बसलो. पहारेकरी एकदा येऊन बघून गेला, मग दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांना हात देऊन उठवलं आणि पुढचा मजला सोबत उतरला.

येराल्ती मशिदीतही गेलो, तळटीप. चौघांनाही आवडली, नवऱ्याला विशेष. जमिनीखाली होती ना.

आणि मुलानं खाली दाराशी भिंत मोजली. दोन वाव आणि थोडं वर, असं वहीत लिहिलंय.

तिरफळ
वाव मोठ्या माणसाचा धरतात, पोराचा नाही. पण लिहून ठेवलं ना, राहू दे. मासे-पाव?

पनवेलकरीण
खाल्ला. मसाला हॉटेलवर राहिला.

अर्धाकप
पदर धरून पूर्ण फेरी. काकूंना माझ्याकडून एक चहा.